शिकायच्या गोष्टींची फाईल

सॉफ्टवेअरच्या धंद्यात पडलेल्या प्रत्येकाकडे शिकायच्या गोष्टींची एक यादी असते. कुणाची वहीत, कुणाची फोनमध्ये, कुणाची नुसतीच डोक्यात. माझी एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये आहे. रस्ट, गो, हास्केल, एसक्यूलाइट, विम, कुबरनेटीज, वेबअसेंब्ली, क्यूजीआयएस, ईएसपी३२, हार्फबझ. नावांना क्रम नाही. जे जेव्हा कानावर पडलं, ते तेव्हा खाली लिहिलं गेलं. खोडलेलं फार थोडं, आणि जे खोडलं ते शिकून झालं म्हणून खोडलं असंही नाही.

मी धाराशिवात राहतो. लॉकडाउनमध्ये पुण्याहून गावी आलो तो इथंच राहिलो. कंपनी पुण्याची, गिऱ्हाईक परदेशातलं, खुर्ची वरच्या मजल्यावरची. मी नोकरीवर आहे की लांबलेल्या रजेवर, याचा उलगडा गल्लीतल्या काही ज्येष्ठांना अजून झालेला नाही. खाली भाजीची गाडी येते, दूरवर पीठगिरणीचा पट्टा फिरत असतो, आणि वर मी कुणाच्यातरी व्याख्यानात ऐकलेलं एखादं नवं नाव फाईलच्या तळाशी टाकतो. ही यादी मला बाहेरच्या जगानं दिली, असंच मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. कुणीतरी सहकारी कशाचं तरी गुणगान करतो, आपण मागे पडतोय अशी धाकधूक होते, आणि नाव यादीत जातं. पण एकेका नावापाशी थांबून ‘हे का लिहिलं?’ असं विचारलं, की उत्तर पुण्यात सापडत नाही आणि कॅलिफोर्नियातही नाही. ते भूम तालुक्यात सापडतं, लोहाऱ्याकडं सापडतं, तलाठ्याच्या दारातल्या गर्दीत सापडतं.

शिकण्याची सुरुवात झाली ती निळ्या पडद्यानं. टर्बो सी. बोरलँड कंपनीचं हे साधन नव्वदच्या दशकाच्या तोंडावरचं. आमच्या हाती आलं तोवर जगानं ते कधीच अडगळीत टाकलं होतं. नव्या विंडोजवर ते सरळ चालतही नसे. म्हणून डॉसबॉक्स नावाचा प्रोग्रॅम जुन्या डॉसचं सोंग घ्यायचा आणि त्या सोंगात टर्बो सी चालायचं. कंट्रोल आणि एफ-नाइन दाबलं की प्रोग्रॅम पळायचा, आणि उत्तर डोळ्यांपुढून इतक्या झटक्यात निघून जायचं की ते बघायला पुन्हा ऑल्ट आणि एफ-फाइव्ह. पडदा धरून ठेवायचा तर शेवटच्या ओळीत ‘गेटच’ लिहायचं. पुस्तक ठरलेलं: नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’. प्रॅक्टिकलच्या जर्नलात उजव्या पानावर प्रोग्रॅम पेननं, डाव्या पानावर आउटपुट पेन्सिलनं. यंत्रानं दिलेलं उत्तर हातानं उतरवून काढण्यात काही विचित्र आहे, असं आमच्यापैकी कुणाला वाटलं नाही.

त्या काळी तालुक्याच्या प्रत्येक गावात एमएस-सीआयटीचे फलक झळकत होते. २००२ साली सुरू झालेल्या या कोर्सनं खेड्यापाड्यांतल्या पोरापोरींच्या हाती पहिल्यांदा माउस दिला. सरकारी नोकरीच्या अर्जाला ते प्रमाणपत्र जोडावं लागे, म्हणून शिक्षक, ग्रामसेवक, नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुना असे सगळे एका बाकावर बसून वर्ड आणि एक्सेल शिकले. ‘मला संगणकाची फार आवड आहे’ असं म्हणत तिथं फारसं कुणी आलं नव्हतं. गरज होती, म्हणून आले.

टर्बो सीला हसण्याची आमच्या पिढीत पद्धत आहे. मलाही हसू येतं, पण बेतानं. बोरलँडचं टर्बो पास्कल ज्यानं घडवलं, तो अँडर्स हायल्सबर्ग पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेला, तिथं त्यानं सी शार्प घडवली आणि २०१२ साली टाइपस्क्रिप्ट जगापुढे आणली. आज माझं घर टाइपस्क्रिप्टवर चालतं. सी भाषा डेनिस रिची यांनी बेल लॅबमध्ये सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला घडवली. एसक्यूएलची मूळ मांडणी १९७४ सालची. वरचे मजले दर पाच वर्षांनी पाडून पुन्हा बांधले जातात, पाया मात्र फारसा कुणी उकरत नाही. त्यामुळं माझ्या यादीत तळाला नवी नावं वाढत असली, तरी माझा जीव हळूहळू जुन्या नावांकडे ओढ घेऊ लागला आहे.

त्यातलं एक एसक्यूलाइट.

माझं आजोळ भूम तालुक्यातलं. बालाघाटच्या डोंगररांगांचा हा भाग, पावसाचा भरवसा नाही, म्हणून घरोघर जनावरं, आणि दूध टिकवायचं म्हणून खवा. कुंथलगिरीच्या नावानं हा खवा बाजारात ओळखला जातो, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. माझ्या मामांची भट्टी आहे. दूध आलं की मोठ्या लोखंडी कढया जाळावर चढतात, आणि मग हात थांबवायचा नाही. दूध आटत जातं, रंग बदलतो, कडेला साय धरते ती खरवडून पुन्हा आत ढकलायची. पाच लिटरच्या आसपास दुधाचा किलोभर खवा निघतो. माणूस घामानं निथळतो आणि अंगाला दुधाचा गोड, करपट वास चिकटतो तो आंघोळीनंही जात नाही.

मामांची वही लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. प्रत्येक दूधवाल्याचं पान वेगळं: सकाळचे लिटर, संध्याकाळचे लिटर, फॅट आणि उचल. उचलीचा रकाना सगळ्यांत खाडाखोडीचा. ही वही भट्टीवरच्या जुन्या कॉम्प्युटरवर चढवून द्यावी, असं माझ्या मनात आलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच शंका काढली. “मी आकडा टाकाय लागलो आन् तेवढ्यात लाइट गेली, तर? बारा लिटरचं नुसतं एकच राहिलं, तर त्यो माणूस मला सोडंल का?”

डेटाबेसच्या जाड पुस्तकांत ज्यावर प्रकरणंच्या प्रकरणं आहेत, तोच हा प्रश्न. व्यवहार झाला तर पुरा व्हावा, नाहीतर झालाच नाही असं ठरावं. निम्मा राहता कामा नये. एसक्यूलाइट हे असं करतं: मूळ फाईलमधलं पान बदलण्याआधी त्या पानाची जुनी प्रत शेजारच्या एका जर्नल फाईलमध्ये उतरवून ठेवतं. मग बदल लिहितं. सगळं नीट तबकडीवर उमटलं की जर्नल निकालात काढतं. मध्येच वीज गेली, तर जर्नल तसंच पडून राहतं. पुन्हा सुरू झाल्यावर एसक्यूलाइट आधी ते बघतं, निम्मं राहिलेलं काम ओळखतं आणि जुनी पानं जागच्या जागी परत बसवतं. बारा लिहिताना गेली असेल, तर बारा तरी दिसतील किंवा काहीच दिसणार नाही. एक कधी दिसणार नाही.

हे साधन रिचर्ड हिप यांनी २००० साली पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. त्याची कल्पना अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेच्या कामात सुचली होती. तिथला डेटाबेस सर्व्हर बंद पडला की वरचा प्रोग्रॅमही हात टेकायचा, म्हणून सर्व्हरच नको अशी रचना त्यांनी केली. मालकी हक्क त्यांनी सोडून दिले, आणि आज ते बहुतेक प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. मूळ कोडच्या शेकडो पट मोठा त्याच्या चाचण्यांचा पसारा आहे, आणि त्यांत वीज मध्येच गेल्याची नाटकं पुन्हा पुन्हा करून पाहिली जातात. ते सगळं कोड ओळीनं वाचून काढायचं, असं माझ्या यादीत लिहिलेलं आहे. युद्धनौकेचं मला काही देणंघेणं नाही. मामांच्या शंकेचं उत्तर जगात कुणीतरी इतकं मनावर घेतलं, याचं मला अप्रूप आहे.

रस्टचं नाव यादीत आलं ते वाचलेल्या एका गोष्टीमुळं. ग्रेडन होअर हा व्हँकूव्हरमध्ये राहणारा प्रोग्रॅमर २००६ साली घरी परतला, तर इमारतीची लिफ्ट बंद. तिचं सॉफ्टवेअर कोसळलं होतं. एकविसावा मजला. जिने चढता चढता त्याच्या मनात आलं, आपल्याला साधी न कोसळणारी लिफ्ट करता येऊ नये? असे प्रोग्रॅम सी आणि सी प्लस प्लसमध्ये लिहिलेले असतात, आणि मेमरी सांभाळण्यातल्या चुका हा त्यांचा जुना रोग. होअरनं नवी भाषा मांडायला घेतली. मोझिलानं पुढे तिला हात दिला, मे २०१५ मध्ये रस्टची पहिली पक्की आवृत्ती आली, आणि २०२२ च्या अखेरीस ती लिनक्सच्या गाभ्यातही शिरली.

रस्टमध्ये प्रत्येक गोष्टीला एकच मालक असतो. मालक संपला की वस्तू संपली. इतरांना ती उसनी मिळते, पण नियमानं: नुसती पाहायला हवी असेल तर कितीही जणांना द्या, पण कुणाला तिच्यात फेरबदल करायचा असेल तर त्या वेळी ती एकट्या त्याच्याच हाती हवी. आणि उसनवारी मालकीपेक्षा जास्त काळ टिकू शकत नाही. पुस्तकात हे वाचताना लोक डोकं धरतात. मला मात्र वारंगुळा आठवला. एकाची तिफण, दुसऱ्याचे बैल, पेरणीच्या घाईत आळीपाळीनं सगळ्यांची रानं. तिफण कशी आहे हे चारजण वाकून बघू शकतात, पण चालते ती एका वेळी एकाच्याच रानात, आणि धन्यानं ती विकायची म्हटली तर आधी ज्याच्याकडे असेल त्यानं परत आणून टाकायची. हे नियम कुणी लिहून ठेवलेले नव्हते. मोडले तर भांडण होई आणि ते दोन पिढ्या चाले. रस्टचा कंपायलर तेच भांडण आधीच उकरून काढतो आणि मिटेपर्यंत प्रोग्रॅम पुढे सरकू देत नाही. नवशिके त्याच्यावर चिडतात. वारंगुळ्यात वाढलेल्या माणसानं चिडू नये.

हार्फबझ हे नाव कुणी सहसा यादीत घेत नाही. पडद्यावर अक्षरं जुळवून दाखवणारी ही एक लायब्ररी. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड यांच्या पोटात ती काम करते. तिच्या वाटेला मी गेलो तो एका खेळातून. पायथनमध्ये कुठलाही शब्द उलटा करणं ही एका ओळीची बाब आहे. मी ‘धाराशिव’ उलटं करून पाहिलं. उत्तर आलं ‘विशाराध’. तुळजापूर उलटं केलं, तर ‘रूपाजळुत’. काना, वेलांटी, उकार ही सगळी संगणकाच्या लेखी स्वतंत्र माणसं. आपण ‘धाराशिव’ची अक्षरं चार मोजतो, यंत्र सात मोजतं. उलटं करताना ‘शि’ची वेलांटी ‘व’च्या गळ्यात पडते आणि ‘ध’ बोडका राहतो. तोच पायथन ‘१२३’ असे मराठी आकडे मजकूर म्हणून दिले तर बिनतक्रार त्यांची संख्या करून देतो. व्हेरिएबलला मराठीत ठेवलेलं ‘किंमत’ हे नावही त्याला चालतं. पण कोडमध्ये थेट मराठी आकडा लिहिला की अडून बसतो.

हे खेळापुरतं ठीक. २०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं आणि खेळ कामात उतरला. गाड्यांच्या पाटीवर एमएच २५ होतं ते तसंच राहिलं, कारण आकड्याला नावाशी कर्तव्य नव्हतं. जिथं जिथं लोकांनी जिल्ह्याचं नाव हीच ओळख धरून ठेवली होती, तिथं जुन्या नोंदी एका नावाखाली आणि नव्या दुसऱ्या नावाखाली अशी फाळणी झाली. त्याहून बारीक छळ ‘शेतकऱ्यांची’ या शब्दात आहे. त्यातला तो रफारासारखा नसलेला, पापणीसारखा ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत वेगळा ‘ऱ’ वापरतात, दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच. यंत्राला दोन वेगळे शब्द. एका कीबोर्डवरून भरलेली यादी दुसऱ्या कीबोर्डवरून शोधली की ‘नोंद आढळली नाही’ असं येतं, आणि तलाठ्याच्या दारात उभा असलेला माणूस मुकाट्यानं पुढच्या सोमवारी यायला निघतो.

युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी तिच्यात आहे. र. कृ. जोशींनी आखलेला मंगल फाँट विंडोज २००० सोबत आला आणि मराठी अक्षर लाखो पडद्यांवर पोचलं. जोशी मूळचे सुलेखनकार. बोरूच्या वळणाचा माणूस यंत्राच्या अक्षराला आकार देतो, हे मला फार मोठं वाटतं. त्या आकारांच्या मागे कोण कुणाच्या आधी बसतं, ‘शि’ची वेलांटी साठवताना ‘श’नंतर आणि दाखवताना ‘श’आधी कशी जाते, हे मला मुळापासून शिकायचं आहे. ऑफिसात त्याची बढती मिळणार नाही. पण पुढच्या सोमवारी यायला निघालेला तो माणूस मी पाहिलेला आहे.

क्यूजीआयएस आलं ते पावसामागून. नकाशांवर काम करायचं हे मोफत साधन, २००२ साली गॅरी शर्मन यांनी अलास्कात सुरू केलेलं. आमच्याकडे चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, आणि मोजायचं ते महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर. पण मापक एका गावात आणि रान दुसऱ्या गावात. बैलाचं एक शिंग भिजतं आणि दुसरं कोरडं राहतं, असं आमच्याकडे म्हणतात ते उगाच नाही. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडे नद्यांनी रानंच्या रानं खरवडून नेली, तेव्हा सोयाबीनच्या शेंगा चिखलात रुतलेल्या होत्या. अशा वेळी मोजायला मापकाची गरज राहत नाही. पण बाकीच्या वर्षी पारावर हमखास ऐकू येतं, “आपल्या मंडळात चौसष्टच पडला म्हणं.” एका मिलिमीटरच्या अलीकडे आणि पलीकडे दोन वेगळी वर्षं असतात.

दोन मापकांच्या मधल्या रानात पाऊस किती पडला असेल, याचा अंदाज बांधण्याची एक रीत आहे. तिला क्रिगिंग म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतले खाण अभियंते डॅनी क्रिग यांनी पन्नासच्या दशकात सोन्याच्या खाणींसाठी ती सुरू केली. दोन ठिकाणी भोकं पाडून सोनं किती ते कळलं, तर मधल्या खडकात किती असेल? फ्रान्सच्या जॉर्ज मातेरोंनी तिला गणिताची बैठक दिली आणि क्रिग यांचंच नाव दिलं. अंतर वाढत जातं तसा दोन जागांमधला फरक किती वाढतो, हे आधी मोजायचं, आणि त्या हिशेबानं शेजाऱ्यांचं म्हणणं कमीजास्त मानायचं. या रीतीची एक गोष्ट मला आवडते. ती अंदाज देते आणि सोबत त्या अंदाजावर विश्वास किती ठेवायचा तेही सांगते. पारावरच्या चर्चेत दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही.

ईएसपी३२ ही बोटाएवढी चिप, वायफायसकट दोन-चारशे रुपयांत मिळणारी. तिला हादरे मोजणारा सेन्सर जोडायचा, असं मी लिहून ठेवलं, त्यामागे ३० सप्टेंबर १९९३ आहे. गणपती विसर्जनानंतरची रात्र, पहाटेचे चार वाजायला आलेले. भूकंपाचं केंद्र लातूर जिल्ह्यातलं किल्लारी, पण सीमेच्या अलीकडे लोहाऱ्याकडचं सास्तूर आणि आसपासची आमची गावंही तितकीच जमीनदोस्त झाली. हजारो माणसं झोपेतच गेली. आमच्या घरी ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपानंतर’ अशीच वर्षं मोजत. नातेवाइकांतल्या एका आजींना पुढे मिळालेल्या घरात छताखाली झोप येत नसे. त्या अंगणातच अंथरूण टाकायच्या.

भूकंपाची पहिली लाट सेकंदाला सहाएक किलोमीटर धावते, मोडतोड करणारी दुसरी साडेतीनच्या आसपास. दोघींच्या मधला वेळ म्हणजे सूचना. २०२३ पासून आपल्याकडच्या अँड्रॉइड फोनमध्ये अशी सूचना मिळण्याची सोय आहे. हजारो फोनमधले सेन्सर मिळून तो हादरा ओळखतात. पण कागदावर गणित मांडलं की कळतं, धाराशिव शहरात काही सेकंद हाती आले असते, सास्तूरला एखादा सेकंद. झोपलेला माणूस एका सेकंदात कूसही बदलत नाही. तिथं माणसं मारली ती दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि वर्षानुवर्षं माती टाकून जड केलेल्या माळवदांनी. भिंतींत आडवे बांध असते, छत हलकं असतं, तर कितीतरी जण उठून बाहेर आले असते. हे उत्तर गवंड्याचं आहे. त्यात प्रोग्रॅमरला जागा नाही. हे कळल्यावरही मी चिपचं नाव खोडलं नाही. फक्त तिच्याकडून काय मागायचं ते आवरलं. घरातल्या जुन्या भिंतीला गेलेली भेग महिन्याला किती उघडते, एवढं तिनं सांगितलं तरी पुरे.

यादीतल्या काही नावांमागे मात्र मला काही सापडत नाही. कुबरनेटीज ऑफिसच्या धाकानं आलेलं आहे. हास्केल निव्वळ हौस. विम ब्रॅम मुलेनार यांच्यासाठी: १९९१ पासून २०२३ मध्ये वारेपर्यंत एकच एडिटर घडवत राहिलेला हा माणूस. विम उघडलं की पहिल्याच पडद्यावर युगांडातल्या मुलांना मदत करा, असं ते सांगतात. पैशाऐवजी त्यांनी एवढंच मागितलं. फ्लॅशसारखी काही नावं पडूनच होती. २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद पडलं तेव्हा मी ती ओळ पुसली, आणि वाईट वाटलं नाही याचंच थोडं वाईट वाटलं.

साधनं जातात कशी आणि जाताना काय करतात, हे आमच्या भागानं पाहिलेलं आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी धावू लागली आणि १९११ पर्यंत लातूरला पोचली. अडीच फुटी रूळ, बुटके डबे. येडशीवरून जायची, धाराशिव शहर बाजूलाच राहिलं. पुढे शतक उलटल्यावर रूळ रुंद झाले. त्या वेळी मार्ग वळवला आणि इतकी वर्षं रेल्वेविना राहिलेल्या शहराला स्टेशन मिळालं. जुन्या गाडीच्या आठवणीनं हळवे होणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचं खरंही आहे. पण साधन बदलतं तेव्हा कुणालातरी पहिल्यांदा स्टेशन मिळतं, हेही तितकंच खरं. मामांच्या हातातला फोन हा तसाच रुंद रूळ आहे.

आता कोड यंत्रच लिहून देतं, मग शिकायचं कशाला, असं मित्र विचारतात. मीही यंत्राकडून रोज लिहून घेतो. त्यामुळं यादी आखडली नाही, उलट निर्लज्ज झाली. रात्री बाराला मराठी-इंग्रजीची भेळ करून बाळबोध शंका विचारता येतात, आणि समोरून कुणी ‘एवढं पण येत नाही?’ म्हणत नाही. फक्त काय विचारायचं, ते अजून मलाच आणावं लागतं.

माझी पुतणी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत तिनं विचारलं, “काका, कोणती लँग्वेज शिकू?” मी वर लिहिलंय ते सगळं तिला ऐकवायच्या बेतात होतो. म्हटलं, “आधी हे सांग, तुला काय दुरुस्त करायचंय?” ती म्हणाली, “फीचं लोन. प्लेसमेंटला कंपन्या जावा विचारतात. जावा लिहू का मग?”

लिही म्हटलं. तिचं कारणही घरातूनच आलेलं होतं, आणि माझ्या बहुतेक कारणांपेक्षा नेटकं होतं. तिच्या यादीत चारच नावं: जावा, एसक्यूएल, ॲप्टिट्यूड, इंग्लिश बोलणं. त्यातलं एसक्यूएल मलाही पुन्हा नीट शिकायचं होतं, म्हणून तिथून सुरुवात केली. सरावाला डेटा हवा होता. मामांच्या वहीतला एक महिना आम्ही टेबलात चढवला: दूधवाले एकीकडे, दूध दुसरीकडे, उचल तिसरीकडे. तिन्ही जोडून कुणाच्या दुधापेक्षा उचल जास्त झाली, ते काढायची क्वेरी तिनं स्वतः लिहिली, मोठी रक्कम वर आणि लहान खाली.

मामा शेजारी बसून बघत होते. म्हणाले, “म्हंजी सगळ्यांत बुडीत कोण, ते पयलं दिसणार?”

“हो आजोबा. एक नंबरला.”

मामांनी जरा वेळ पडद्याकडे बघितलं. “मग नगं पोरी. सगळी घरचीच हायती. नंबर नगं लावू.”

पुतणीनं ‘ऑर्डर बाय’ची ओळ काढून टाकली आणि क्वेरी पुन्हा चालवली. आकडे तेच आले, कुणी पहिला राहिला नाही, कुणी शेवटचा. प्लेसमेंटच्या मुलाखतीत हे तिला कुणी विचारणार नाही. पण एसक्यूएल तिला आलं, असं मी त्या दिवसापासून धरून चाललो आहे.